वाऱ्याचं दार

आरोंद्याच्या खाडीकाठी, जेटीच्या थोडं अलीकडे, माडांच्या सावलीत महादू केरकराची पत्र्याची शेड आहे. शेडीवर पूर्वी पाटी होती. एका पावसाळ्यात ती वाऱ्याने उडाली आणि खाडीपलीकडे गोव्याच्या हद्दीत जाऊन पडली. परत आणून लावत का नाहीस, असं मी विचारलं तेव्हा महादू म्हणाला, "रवांदे थय. गोंयकारांका पण कळांदे."

पाटीवाचून त्याचं काही अडलं नाही. तेरेखोलच्या मुखापासून शिरोड्यापर्यंत ज्या होडीचं इंजिन रुसतं, ती दुसऱ्या होडीच्या मागे दोराने बांधून महादूकडेच ओढत आणतात. मी त्याचा शेजारी. गावच्या पोस्टात नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि दिवसातले दोन-तीन तास त्याच्या शेडीतल्या उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसून घालवतो. म्हणून पुढे सांगतो ते बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

महादू अठ्ठावन्न वर्षांचा. अंगाने काटकुळा, अर्धी चड्डी, गंजी, कानामागे पेन्सिल. पस्तीस वर्षं डिझेल इंजिनांच्या शेजारी काढल्यामुळे माणसांचं बोलणं त्याला निम्मंच ऐकू येतं. इंजिनाचं मात्र सगळं कळतं. लांब दांड्याचा पेचकस तो इंजिनाला टेकवतो, दुसरं टोक दातांत धरतो आणि डोळे मिटतो. एकदा असाच मिनिटभर थांबून म्हणाला, "तिसऱ्या पिष्टनात कोणतरी खोकता." उघडलं तर तिसऱ्याच पिस्टनची रिंग तुटलेली. त्याची बायको सावित्री म्हणते, "माझां बोलणां आयकाचा आसात तर तेंका माझ्या डोक्याक पेचकस लावचो लागतलो."

तर अशा माणसाकडे गेल्या गणपतीनंतर भाई नाईक गाडी घेऊन आले. घेऊन म्हणजे टेम्पोत घालून.

भाई मूळचे आमच्याच गावचे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर होते, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी घर नीटनेटकं करून इथे राहायला आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकासारखं. ती गाडी त्यांच्या म्हापशाच्या मामांची. पोर्तुगीज अमदानीत बोटीतून उतरलेली विलायती स्पोर्ट्स कार. दोन माणसांची, बिनछपराची, आणि जमिनीला इतकी टेकलेली, की तिच्यात बसायचं म्हणजे पंगतीत पाटावर बसल्यासारखं वाटावं. मूळचा रंग लाल. आता आमसुलाचा.

मामांनी ती भाचे म्हणून भाईंना दिली आणि भाईंचं स्वास्थ्य गेलं. गाडीला दोन जुने कार्बुरेटर होते. त्यातला एक घटाघटा पेट्रोल प्यायचा, दुसरा उपास करायचा. ते दोघे एका विचाराने वागले असे दिवस वर्षात चार. शेवटी भाईंनी ठरवलं, की हे दोन्ही काढून टाकायचे. पेट्रोल मोजून सोडायला कॉम्प्युटरची पेटी, हवेसाठी नवी थ्रॉटल बॉडी आणि तिला जुळेल असा नवा इनटेक मॅनिफोल्ड बसवायचा. एका गॅरेजवाल्याने गाडी अकरा महिने ठेवून घेतली आणि धूळ पुसून परत केली. त्यानंतर ते महादूकडे आले.

"महादू, ही थ्रॉटल बॉडी." भाईंनी खोक्यातून एक चकचकीत वस्तू काढली. ॲल्युमिनियमची आखूड नळी. तोंड केवढं, तर सोललेला नारळ जेमतेम अडकेल एवढं. आत एक गोल चकती, ती फिरवली की भोक उघडतं, सोडली की मिटतं.

महादूने ती चकती चार वेळा उघडली, मिटली. "हेचां काम काय?"

"इंजिनात हवा इथून जाते. ॲक्सिलरेटर दाबला की चकती उघडते, पाय काढला की बंद होते."

"म्हणजे दार."

"दार म्हण हवं तर."

महादूने भाईंकडे बघितलं. "भाई, वाऱ्याक दार कित्याक?"

प्रश्न येडबंबू वाटेल, पण तो खरा होता. होडीच्या डिझेल इंजिनाला असलं दार नसतंच. ते हवी तेवढी हवा ओढतं. कमीजास्त करायचं ते डिझेल. पस्तीस वर्षांत महादूने वाऱ्याला अडवणारं इंजिन आपल्या हाताने उघडलं नव्हतं. "आमच्या इंजिनाक वारो फुकट," तो म्हणाला. "होयो तितको घे. आणि हेका दार, चौकट. उद्या कुलूप पण लावश्यात."

भाईंनी तासभर समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं महादूला ऐकू आलं आणि त्या निम्म्यातलं निम्मं पटलं. दारातून आलेली हवा चार सिलिंडरांना वाटून देणाऱ्या चार नळ्या म्हणजे मॅनिफोल्ड, एवढं मात्र त्याला लगेच कळलं. मॅनिफोल्डला त्याने त्याच दिवशी 'मनीपोळ' असं नाव दिलं, आणि आठवड्याभरात भाईही नकळत मनीपोळ म्हणू लागले.

भाईंनी आकृती काढून आणली होती. चार नळ्या, चारही आखूड आणि चांगल्या जाड. "जितकी जाड नळी तितकी जास्त हवा," ते म्हणाले, "आणि जितकी हवा तितकी ताकद."

"मोठ्या घराक मोठां दार," महादू म्हणाला. "बरां."

नळ्या जोडायचं काम शिवाकडे गेलं. शिवा हा शिरोड्याचा वेल्डर. किनाऱ्यावरच्या बंगल्यांना आणि जिन्यांना स्टीलचे कठडे करतो. काम सुबक, जोड बोटाला लागत नाही असा. पण हाताला सवय कठड्यांची. चारही नळ्यांचा मॅनिफोल्ड तयार करून त्याने शेवटच्या टोकाला स्टीलचं एक कमळ बसवलं.

"हे काय?" भाईंनी विचारलं.

"फुल."

"ते दिसतंय. कशाला?"

"उघडां टोक बरां दिसणा नाय, भाई. रवांदे. डिझाइन आसा."

कमळ कापलं. शिवा दोन दिवस बोलला नाही.

पहिली चाचणी महादूच्या घरासमोरच्या पाणंदीत झाली. पाणंद अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि टोकाला सावित्रीची गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा. भाई टोपी घट्ट करून बसले. इंजिन सुरू झालं. जेटीवरची माणसं वळून बघू लागली असा आवाज. भाईंनी हलकेच पाय दाबला. गाडी खोकली. आणखी थोडा दाबला. गाडीने उसासा टाकला आणि तिथेच थरथरत राहिली. भाईंनी आणखी नखभर दाबला.

मग काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. गाडी आमच्यासमोर होती आणि नंतर नव्हती. कोंबड्या गडग्यावर, मी पिंपामागे, आणि भाई गाडीसकट गायरीत. पुढची दोन चाकं आत, मागची दोन हवेत फिरताहेत. टोपी मात्र डोक्यावरच होती.

आवाज ऐकून सावित्री पदर खोचत बाहेर आली. तिने गाडी बघितली, भाई बघितले, खत बघितलं.

"भाई," ती म्हणाली, "तुमी जगभर बोटी फिरवलास, आणि नांगर टाकूक आमची गायरी गावली?"

बैलांऐवजी आठ माणसं लावून गाडी वर काढली. सावित्रीने भाईंना विहिरीपाशी उभं करून चार कळशा ओतल्या. त्या दिवसापासून भाई तिच्याशी जरा जपून बोलू लागले.

दोष कळत होता. दार इतकं मोठं, की फटभर उघडलं तरी निम्मा वारा एकदम आत. त्यावर भाई रोज सकाळी लॅपटॉप घेऊन येत, वायर लावत आणि कॉम्प्युटरच्या पेटीतले आकडे बदलत. महादू शेजारी उभा राही. आकडा बदलला, की भाई विचारत, "आता?" महादू पेचकस दातांत धरून ऐके आणि मान हलवी. असं पंधरा दिवस चाललं.

त्यातच नवं दुखणं निघालं. पाय न लावता गाडी आपोआप गुरगुरायची, मग शांत व्हायची, पुन्हा गुरगुरायची. झोपलेल्या माणसाला वाईट स्वप्न पडावं तसं. महादूने ऐकून सांगितलं, "वारो दारान येणा नाय. खिडकीतसून येता." म्हणजे नळ्यांच्या सांध्यात कुठेतरी बारीक फट होती आणि इंजिन तिथून चोरून हवा ओढत होतं. पण कुठल्या सांध्यात? डोळ्यांना दिसत नव्हती.

महादू घरात गेला आणि देवापुढच्या चार उदबत्त्या पेटवून घेऊन आला. धूर जिथे आत खेचला जाईल तिथे फट. युक्ती साधी. तो इंजिनावर वाकला आणि भाई किंचाळले.

"अरे पेट्रोल आहे ते! पेट्रोल!"

महादू दचकून मागे झाला. सगळा जन्म डिझेलात गेलेला माणूस. "डिझेलात काडी टाकली तर काडी इजता," तो म्हणाला.

"इथे आपण विझू!"

मग भाईंनी पेट्रोलचे सगळे सांधे स्वतः तपासले, कोरडे पुसले, बोटीवरून आठवण म्हणून आणलेला आग विझवायचा लाल नळकांडा घरून मागवला आणि तो रोखून महादूच्या पाठीशी उभे राहिले. महादू उदबत्त्या घेऊन सावकाश चालू इंजिनाभोवती फिरवू लागला.

आता हे दृश्य पाणंदीतून जाणाऱ्यांना कसं दिसलं असेल बघा. गाडीचं तोंड उघडलेलं, महादू डोळे अर्धे मिटून तिला धूप दाखवतोय, मागे भाई गंभीर चेहऱ्याने हातात काहीतरी धरून उभे. दहा मिनिटांत पंचवीस माणसं जमली. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. कुणीतरी चपला काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. आणि गणपत गावकर पुढे आले. हे देवळातले मानकरी. गावातलं कुठलंही शुभकार्य यांच्या गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. आपल्याला न बोलावता एवढा विधी चाललाय याचा त्यांना राग आला होता, पण तो गिळून त्यांनी नारळ मागवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" पंचवीस माणसांनी साथ दिली.

"आज ह्या भाई नायकान आपल्या मामाची गाडी तुझ्या पायाकडे आणून उभी केल्यान हा..."

"होय म्हाराजा!"

"तिच्यात काय वाकडां शिरलां आसात, भायरचां भूत आसात, म्हापश्याचां आसात..."

"होय म्हाराजा!"

"तर तां जाग्यार दाखव, आणि तिची चाल सरळ करून दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" एवढ्या मोठ्याने ओरडले, की महादूलाही ऐकू आलं. आणि नेमक्या त्याच क्षणी तिसऱ्या नळीच्या बुडाशी उदबत्तीचा धूर वळला, बारीक दोरीसारखा झाला आणि सर्रकन आत गेला.

"गावला!" महादू ओरडला.

गर्दीने एकदम श्वास ओढला. दोन बायकांनी गाडीला नमस्कार केला. महादूने उदबत्त्या बाजूच्या माणसाकडे देऊन इंजिन बंद केलं, तो सांधा उघडून नवं पॅकिंग घातलं, आवळलं, आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती गुरगुर थांबली. शिवाचा जोड सरळ होता, पॅकिंग तिरकं बसलं होतं, एवढीच गोष्ट. पण गणपत गावकर आजही ते आपल्या गाऱ्हाण्याचं फळ समजतात, आणि अर्धा नारळ घेऊन ते त्या दिवशी ज्या ऐटीत घरी गेले, त्यावरून त्यांना दुसरं काही सांगायची कुणाची हिंमत नाही.

गुरगुर गेली तरी मूळ दुखणं राहिलंच. हळू चालवली की गाडीत दम नसायचा.

"ती वरच्या वेगात खरी ताकद दाखवेल," भाई म्हणाले. "मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर गेली की बघ. उडेल."

"उडतली खंय?" महादूने विचारलं. "देवळापासून शाळेपर्यंत चार गतिरोधक. पुढे गणपत गावकराच्यो म्हशी. पुढे खाडी."

"गाडी स्पोर्ट्सची आहे, महादू."

"रस्तो आरोंद्याचो आसा, भाई."

शब्दाने शब्द वाढला. भाई म्हणाले, की डिझेलवाल्याला हे कळायचं नाही. महादूला नेमकं ते वाक्य पूर्ण ऐकू आलं. ताडपत्री काढून त्याने गाडीवर घातली आणि पाना जागच्या जागी ठेवला. भाई लॅपटॉप बगलेत मारून निघून गेले.

आठ दिवस दोघे एकमेकांकडे फिरकले नाहीत. महादूने तीन होड्यांची इंजिनं जोडली, पण त्याचं लक्ष नव्हतं. एकदा मी शेडीत शिरलो तर तो ताडपत्रीखाली डोकं घालून उभा होता. काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, "उंदीर बगी होतंय." नववा दिवस उजाडला तो सावित्रीच्या चुलीपाशी.

त्यांच्या घरात गॅस आहे, पण सकाळची पेज सावित्री चुलीवरच करते. त्या दिवशी लाकडं ओली होती, धूर कोंदला होता, आणि ती मागल्या दारी शेंगा तोडायला गेली होती. महादूला चहाची घाई. तो चुलीपुढे बसला, फुंकायला हाताशी काही दिसेना, म्हणून शिवाने कापून टाकलेला मनीपोळाच्या जाड नळीचा तुकडा कोपऱ्यात पडला होता तो उचलला, तोंडाला लावला आणि छाती भरून फुंकला. आग पेटली नाही. पण चुलीतली सगळी राख उठली आणि त्याच्या तोंडावर येऊन बसली.

सावित्री आत आली तेव्हा दोन डोळे तेवढे दिसत होते.

"ह्यां काय करतास? ह्या नळ्यान कोण फुकता?" तिने चुलीमागून आपली फुंकणी काढली. लोखंडी, हातभर लांब, अंगठ्याएवढ्या भोकाची. "वारो रुंदात सोडल्यार पसारता आणि मरता. तेका लांब आणि बारीक वाट होयी. मगे थोडो फुकलो तरी नेमको लागता." तिने दोन फुंका घातल्या. जाळ भडकला.

महादू बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातून फुंकणी घेतली, दुसऱ्या हातात जाड तुकडा घेतला आणि तोंडाची राख न पुसता पाणंदीतून पळत सुटला.

"माझी फुकणी!" सावित्री दारातून ओरडली. निम्मंही ऐकू गेलं नाही.

मी मागोमाग गेलो. भाई ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. राखेने माखलेला माणूस बघून ते उठून उभे राहिले. "कोण गेलं?"

"कोण नाय. तुमी गाल हय करा."

"काय?"

"गाल, गाल."

का कोण जाणे, भाईंनी गाल पुढे केला. महादूने जाड नळी हातभर अंतरावर धरून हलकेच फुंकली. "लागलां काय?"

"नाही."

मग फुंकणीतून तितकंच हलकं फुंकलं. भाईंचा चष्मा नाकावरून सरकला आणि गालावर राखेचा गोल ठिपका उमटला.

भाईंनी चष्मा नीट केला. "लांब आणि बारीक नळी," ते हळूच म्हणाले. "कमी फेऱ्यांना हवेचा वेग टिकतो. आखूड आणि जाड नळी वरच्या वेगाला. हे मला ठाऊक आहे, महादू. मी परीक्षेत लिहिलंय हे."

"मगे केलास कित्याक नाय?"

भाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ती मोठी थ्रॉटल बॉडी," ते म्हणाले, "फार सुंदर दिसत होती रे."

एवढं खरं बोलणारा माणूस मी पोस्टातल्या सगळ्या नोकरीत बघितला नाही. महादूही खाली बसला. त्याच्यासाठी चहा आला, भाईंनी कागद काढला, आणि गाडीच्या रोजच्या चालीला किती लांब, किती बारीक नळी हवी याचं गणित दोघांनी तिथेच मांडलं. महादू बोटांनी माप दाखवी, भाई आकड्यांत लिहीत.

नवं दार पाणी प्यायच्या पेल्याएवढंच घेतलं. नवा मनीपोळ शिवाने केला, या वेळी बिनकमळाचा. पण लांब नळ्यांमुळे बॉनेट बंद होईना. तेव्हा महादूने वाळूने भरून, तापवून, चारही नळ्या वाकवल्या आणि इंजिनावरून माघारी वळवल्या. बघायला असं वाटे, की चार सुंगटं, म्हणजे कोळंब्या, ओळीने पहुडली आहेत. भाईंनी लॅपटॉप लावला. आकडे बदलायला पंधरा दिवस नव्हे, दोन सकाळी पुरल्या.

चाचणीला त्यांनी मोचेमाडची चढण निवडली. पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक, पाय घासत चाललेला. त्याच्या मागे गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, एकदाही न खोकता चढून गेली. वर पोचल्यावर भाईंनी विचारलं, "कशी वाटली?" महादू अजून पेचकस दातांत धरून ऐकत होता. भाईंनी पुन्हा विचारलं. महादूने पेचकस खिशात ठेवला. "आता तेका बोलाचां काय नाय," तो म्हणाला. "बरां इंजिन गप रवता."

डिसेंबरात वेंगुर्ल्याला हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांचा मेळावा भरवला. गोव्याकडून, कोल्हापूरकडून, पुण्याकडून वीसेक गाड्या आल्या. भाई आणि महादू गाडीतून गेले. सावित्री, मी आणि भाईंची पत्नी शर्मिलावहिनी एसटीने. सावित्रीने नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत बारा माणसांची आंबोळी-उसळ होती.

गाड्या तपासायला पुण्याचा अनिश नावाचा तरुण इंजिनियर होता. हातात वही, गळ्यात ओळखपत्र, फार सभ्य. त्याने आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि तो तिथेच वाकून राहिला. नळ्यांवरून बोट फिरवलं. गाडी सुरू करून ऐकली. भाई तेव्हा शर्मिलावहिनींसाठी खुर्ची शोधायला गेले होते, त्यामुळे समोर एकटा महादू. मैदानावर वीस इंजिनं आणि एक कर्णा चालू.

"ह्या नळ्यांची लांबी, हा व्यास, फारच विचारपूर्वक आहे," अनिश म्हणाला. "डिझाइन कुणाचं?"

शिकलेल्या माणसासमोर महादू संकोचतो. संकोचला, की त्याला शाळेतली मराठी आठवत नाही. "बायलेन सांगल्यान," तो म्हणाला.

"बायलेन?"

"होय. बायलेन. माझ्या डोक्यातलां नाय तां."

अनिशने लिहून घेतलं. "जर्मन का?"

महादूने कानाला हात लावला. त्याला 'जेवण का' असं ऐकू आलं. "होय तर," तो अभिमानाने म्हणाला. "जेवाण पण."

अनिशने मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.

दुपारी व्यासपीठावरून निकाल सांगितले. "उत्कृष्ट तांत्रिक बदल," अनिश कर्ण्यावर म्हणाला, "आरोंद्याचे भाई नाईक यांची गाडी. इनटेक मॅनिफोल्डचं डिझाइन ख्यातनाम जर्मन तज्ज्ञ बायलेन यांचं. जोडणी महादू केरकर."

मग मैदानाच्या एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि पेटत्या गवतासारखं पसरत गेलं. पुण्या-कोल्हापूरची माणसं एकमेकांकडे बघत होती. शिरोडा, रेडी, वेंगुर्ला, तुळस इथली माणसं पोट धरून बसली होती. भाई व्यासपीठावर चढले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. त्यांनी कर्णा हातात घेतला.

"बायलेन म्हणजे बायकोन रे!" ते म्हणाले. "हेच्या बायलेन! ती बघा थय बसली हा."

सगळ्यांनी वळून बघितलं. सावित्री आंबोळीचा डबा उघडत होती. तिला वर यायला सांगितलं, तर तिने डबा आधी बंद केला, मग आली. अनिशचा चेहरा लाल झाला होता. त्याने तिला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, की ही कल्पना त्यांना कशी सुचली.

सावित्रीने कर्ण्याकडे संशयाने बघितलं. "सुचाक कशाक होया?" ती म्हणाली. "लाकडां ओली आसली की सगळ्यांकाच कळता." तेवढं सांगून ती खाली उतरली. त्या दिवशी सगळ्यांत जास्त टाळ्या तिलाच पडल्या. जुन्या गाड्यांचे मालक मग आंबोळी खायला आमच्याभोवती जमले ते कौतुकाने, की भुकेने, ते सांगता येणार नाही.

परतताना सावित्री सरळ जाऊन गाडीत बसली. "मी आता हेतूनच जातलंय," तिने जाहीर केलं. जागा दोघांचीच. शर्मिलावहिनी म्हणाल्या, की मला तर एसटीच बरी. भाईंनी महादूकडे बघितलं, महादूने चाक तपासल्यासारखं केलं आणि आमच्याबरोबर स्टँडकडे निघाला. मोचेमाडच्या चढणीवर ती दोघं आमच्या एसटीला मागे टाकून गेली. सावित्रीने एका हाताने पदर धरला होता आणि दुसऱ्या हाताने ती भाईंना पुढच्या वळणावर बोट दाखवून काहीतरी सांगत होती. भाई ऐकत होते.

"काय सांगता गा ती?" महादूने मला विचारलं.

"हळू चालवा म्हणत असेल."

"नाय," महादू म्हणाला. "माका सांगता तशी हात हलयता. म्हणजे चुकतत खंयतरी."

मार्चमध्ये अनिशचा फोन आला. त्याच्या काकांची एक जुनी गाडी आहे, तिचे कार्बुरेटर काढायचे आहेत, बाईंना विचारा. फोन सावित्रीकडे दिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काजींचो हंगाम संपांदे. मगे बघुया." हंगाम संपल्यावर तो खरंच गाडी घेऊन आला. ती सध्या शेडीत उभी आहे. नळ्या किती लांब असाव्यात यावर भाई आणि सावित्री यांचं अजून एकमत झालेलं नाही, शिवा कमळाबद्दल पुन्हा विचारून गेलाय, आणि महादू एका ट्रॉलरचं इंजिन उघडून बसलाय, कारण कोळ्यांना पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीआधी समुद्रात जायचं आहे. मी चाललोच आहे तिकडे.